थंडीतले पदार्थ : कुठे बिघडतं आणि का (अनुभव धागा)

मार्गशीर्ष लागला की बाजारात चिकीचा गूळ, ओली हळद, सोलाणा (ओला हरभरा), पावट्याच्या शेंगा दिसू लागतात. साहित्य आणि कृती कुठेही सापडते, म्हणून या धाग्यात त्यापुढचं लिहा. प्रमाण किती, आच किती, पदार्थ नेमका कोणत्या टप्प्यावर फसतो आणि फसलेला सावरता येतो का. ‘अंदाजे’ हा शब्द फक्त मिठापुरता. आजीच्या हातची चव वगैरे दुसऱ्या धाग्यावर. वाटी म्हणजे आमटीची, साधारण १५० मिली. सगळ्यांनी तीच धरावी म्हणजे गोंधळ नको.

---

पुणे

गुळपोळीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त रडगाणी तिचीच असतात.

सारण: साधा मऊ पिवळा गूळ ३०० ग्रॅम, बेसन अर्धी वाटी, तेल पाव वाटी, भाजलेल्या तिळाचं कूट अर्धी वाटी, भाजून कुटलेली खसखस १ मोठा चमचा, वेलची-जायफळ. चिकीचा गूळ इथे चालत नाही. तो तव्यावर ताणला जातो आणि गार झाल्यावर दाताला चिकटतो. बेसन तेलातच, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजायचं. तुपात भाजलं तर थंडीत तूप गोठून सारण कडक होतं आणि लाटताना पसरत नाही. बेसन चवीसाठी वाटतं, पण त्याचं खरं काम वेगळं आहे: तव्यावर गूळ वितळतो तेव्हा बेसन त्याला धरून ठेवतं. बेसन कमी पडलं की पोळी फुटलीच.

गूळ बारीक किसणीने किसा. वाटाण्याएवढा एक खडा राहिला तरी लाटणं त्यावरून गेलं की पारी (वरचं कणकेचं आवरण) फाटते. सगळं एकत्र करून तळहाताने चांगलं मळून घ्या आणि शक्यतो रात्रभर झाकून ठेवा, म्हणजे सारण एकजीव होतं.

पारी: ३ वाट्या कणीक, १ वाटी मैदा, मीठ, ४ मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट भिजवून तासभर ठेवा. आता मुख्य गोष्ट. कणकेची आणि सारणाची घट्टी सारखी हवी. दोन्ही बोटाने दाबून बघा. सारण कडक असेल तर ते मध्येच गोळा होऊन बसतं, कडा नुसत्या कणकेच्या राहतात. कणीक कडक आणि सारण सैल असेल तर गूळ कडेने बाहेर. कडक सारणाला चमचा-दोन चमचे तेल, सैल सारणाला थोडं भाजलेलं बेसन.

कणकेच्या दोन लहान पुऱ्या, मध्ये त्या दोन्हींच्या मिळून वजनाइतका नाही पण जवळपास तितका सारणाचा चपटा गोळा, कडा दाबून बंद. तांदळाच्या पिठीवर, मधून कडेकडे, न उलटता लाटा. गूळ कडेपर्यंत पोचला नाही तर कातण्याने कडा कापून टाका; नुसत्या कणकेची कड गार झाल्यावर चामट लागते. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. गरम पोळी मऊच असते, ती कच्ची समजून जास्त भाजू नका. आणि एकमेकींवर रचू नका: कागदावर सुट्या पसरून पूर्ण गार झाल्या की मगच डब्यात. या प्रमाणात १२ ते १४ मध्यम पोळ्या होतात.

---

सोलापूर

वर लिहिलंय त्यात भर. फुटलेल्या पोळीचा गूळ तव्यावर जळतो आणि पुढच्या सगळ्या पोळ्यांना काळे कडू डाग पडतात. प्रत्येक पोळीनंतर तवा उलथन्याने खरवडून, ओल्या फडक्याने पुसायचा. फडकं घट्ट पिळलेलं हवं. कोणी म्हणतं नॉनस्टिक तवा घ्या, पण बिडाच्या तव्यावरचा खुसखुशीतपणा त्याला येत नाही असं माझं मत.

आता भोगी. बाजरीची भाकरी कडू लागते ती बहुतेक वेळा पिठामुळे. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे दळलेलं पीठ लवकर खवट होतं. आठ-दहा दिवसांचंच दळून आणा, राहिलं तर फ्रीजमध्ये ठेवा. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघा; घशाशी कडवट लागलं तर ते कशानेही सुधारत नाही.

भाकरी थापताना चिरा पडतात कारण बाजरीला चिकटपणा नाही. पाणी चांगलं गरम घ्या, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा आणि तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं रगडा. थापून झाली की वर तीळ पेरून हलकं दाबा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात. पाणी पूर्ण सुकायच्या आधी उलटा; सुकलं की वरचा थर तडकतो आणि भाकरी फुगत नाही.

भोगीच्या भाजीत घेवडा, पावटा, सोलाणा, ओले शेंगदाणे, गाजर, वांगं, बोरं, उसाचे करवे. सगळं एकदम टाकलं तर वांग्याचा लगदा आणि दाणे कच्चे. दाणे-पावटा-सोलाणा आधी दहा मिनिटं झाकणावर पाणी ठेवून वाफवा, मग गाजर-घेवडा, सगळ्यात शेवटी वांगं आणि बोरं. तिळाचं कूट ४ जणांच्या भाजीला ३ मोठे चमचे, तेही उतरवायच्या पाच मिनिटं आधी. लवकर घातलं की तळाला लागतं.

---

सातारा

तिळाचे लाडू. तीळ २५० ग्रॅम, चिकीचा गूळ ३०० ग्रॅम, भाजून सोललेले जाडसर दाणे अर्धी वाटी, डाळं अर्धी वाटी, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप पाव वाटी, तूप २ चहाचे चमचे.

तीळ मंद आचेवर भाजा. ते किंचित फुगतात आणि तडतडतात, तिथेच थांबायचं. रंग गडद व्हायची वाट पाहिली की कडूपणा आलाच. भाजलेलं साहित्य गार होऊ देऊ नका. गरम पाकात गार तीळ पडले की पाक जागच्या जागी घट्ट होतो आणि अर्ध्या लाडवांनंतर चुरा उरतो. तीळ कोमट ठेवले की हाताशी वेळ मिळतो.

पाक: तूप, गूळ, १ मोठा चमचा पाणी. फेस आला की थेंब गार पाण्यात टाकायला सुरुवात करा. पसरला तर कच्चा. बोटांत मऊ गोळी वळली तर लाडू होतील पण दुसऱ्या दिवशी सैलावतात. गोळी घट्ट वळली आणि ताटलीवर टाकल्यावर ‘टण्’ वाजली की लगेच गॅस बंद. इथून पुढची अर्धी मिनिटंही जास्त होतात. बंद केल्यावर चिमूटभर खायचा सोडा घालून ढवळलात तर पाक फुलतो आणि लाडू दाताखाली हलका फुटतो.

लाडू वळताना कढई कोमट तव्यावर ठेवा, हाताला पाणी अगदी निसटतं लावा. मिश्रण कडक झालंच तर मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा, सैल होतं. पाक कच्चा राहून लाडू बसलेच नाहीत, तर तेच मिश्रण मंद आचेवर परतत पाक पुढे नेता येतो. मात्र तीळ जरा जास्त भाजले जातात, ते सोसायचं.

---

न्यू जर्सी

प्रश्न आहे. इथल्या भारतीय दुकानात गुळाची ढेप दगडासारखी मिळते, किसली जात नाही. पाण्यात विरघळवून गुळपोळीला चालेल का?

---

पुणे

नाही. सारणात पाणी पडलं की ते सैल होतं, पोळी टिकतही नाही. ढेपेचे सुरीने पडतील तेवढे तुकडे करा, मायक्रोवेव्हमध्ये १५-२० सेकंद ठेवा, गरम असतानाच किसा. एकदम मिनिटभर ठेवू नका, आतून वितळून कडक पाक होतो. आणि तिथला मैदा ताणाला चिवट असतो, तो पारीत अर्धी वाटीच घ्या.

---

नाशिक

काटेरी हलवा (तिळावर साखरेच्या पाकाचा काटा आणलेला, संक्रांतीचा) घरी करणारे कमी झालेत, पण विचारणा होते म्हणून लिहितो. साखर २ वाट्या, पाणी १ वाटी. उकळी आली की १ मोठा चमचा दूध घाला, मळी वर येईल ती काढून पाक गाळून घ्या. एकतारीपेक्षा किंचित अलीकडचा पाक हवा. २ मोठे चमचे तीळ जाड बुडाच्या पसरट भांड्यात, अगदी मंद आचेवर. चहाचा एक चमचा पाक घालायचा, बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं, दाणे पूर्ण कोरडे झाले की पुढचा चमचा. घाईने दोन चमचे घातले की दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. तळाला पांढरी पूड जमते ती दर थोड्या वेळाने चाळून काढा, नाहीतर काटा तिच्याखाली बुजतो.

ढगाळ, दमट हवेत काटा येत नाही. कोरड्या थंडीत सकाळीच बसा. हे दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने करायचं काम आहे. पाक मध्येच साखरला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा गरम करा, टाकून देऊ नका.

---

कोल्हापूर

डिंकाचे लाडू. डिंक १०० ग्रॅम, खारकेची पूड २०० ग्रॅम, सुकं खोबरं किसून २०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, तूप साधारण २०० ग्रॅम.

सगळा खेळ डिंक तळण्यात आहे. मोठे खडे फोडून हरभऱ्याएवढे करा, एक दिवस उन्हात ठेवा. तूप मध्यम तापलेलं, एका वेळी चहाचा एक चमचा डिंक. तूप फार तापलं असेल तर डिंक बाहेरून लगेच फुलतो आणि आत काचेसारखा कच्चा राहतो. तोच मग दाताला चिकटतो. तूप गार असेल तर फुलतच नाही. तळलेला एक दाणा बोटांत दाबा, मधोमध टणक कण लागला तर आच कमी करून पुढचा घाणा जास्त वेळ ठेवा. फुललेला डिंक वाटीने चुरडायचा, मिक्सरमध्ये घातला की पीठ होऊन लाडवाला पोत राहत नाही.

खोबरं, खसखस, बदाम वेगवेगळे भाजा. खारीक बिया काढून उन्हात कडक वाळवल्याशिवाय मिक्सरला लावू नका, पातं अडकतं. गूळ दोन चमचे तुपात नुसता वितळवायचा. बुडबुडे येऊन पाक झाला की लाडू फोडायला बत्ता लागतो.

मेथी घालायची असेल तर ५० ग्रॅम मेथीची पूड तुपात बुडवून चार दिवस ठेवा. कडूपणा पूर्ण जात नाही, आणि गेला तर ती मेथी कसली.

---

जुन्नर

शेंगोळे. कुळथाचं पीठ २ वाट्या, ज्वारीचं अर्धी वाटी, लसूण १०-१२ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ५-६, जिरं १ चमचा, हळद, मीठ. घट्ट मळा, तेलाचा हात लावून करंगळीएवढ्या वळ्या करा, टोकं जुळवून कडी करा. फोडणीत ६ वाट्या पाणी खळखळा उकळलं की एकेक सोडायचे. उकळी मोडली की शेंगोळे विरघळतात, म्हणून सगळे एकदम ओतू नका आणि पहिली पाच मिनिटं डाव घालू नका. मग मंद आचेवर १५-२० मिनिटं. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी घातलं की रस्सा दाट होतो. नुसत्या कुळथाचे केले तर कडक होतात, ज्वारी त्यासाठीच.

---

जळगाव

भरिताचं वांगं हिरवट-पांढरं, लांबट आणि हाताला हलकं लागणारं घ्या. बामणोदचं वांगं प्रसिद्ध आहे ते यासाठीच. जड वांगं म्हणजे बिया भरलेल्या, भरीत कडवट. गावाकडे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. गॅसवर करायचं तर दोन-तीन ठिकाणी सुरीने टोचा, नाहीतर फुटतं. तेल लावू नका, सालीला धूर लागला पाहिजे. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तो दाबून मऊ लागला की झालं. भाजलेली वांगी पाच मिनिटं झाकून ठेवली की साल सुटते. साल काढताना नळाखाली धरणाऱ्यांनी भरीत करूच नये, सगळी चव मोरीत जाते. मिरच्याही वांग्यांसोबतच भाजा, लसणाबरोबर ठेचा, वर कांद्याची पात आणि तळलेले दाणे. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी.

---

अलिबाग

पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. तिला मागे-पुढे अंगण हवं. मडक्याच्या तळाशी आणि बाजूंनी भांबुर्ड्याचा (उग्र वासाची रानवनस्पती) पाला, मग वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा थरावर थर; बटाटे, अंडी मध्यभागी. पाणी थेंबभरही नाही, शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा पुरतो. तोंड पाल्याने गच्च दाबून मडकं उपडं ठेवा आणि भोवती पेटवा. तोंडाचा पाला सैल राहिला की वाफ निघून जाते, वरच्या शेंगा करपतात आणि मधल्या कच्च्या. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडा, चर्रकन आवाज येऊन लगेच उडालं तर झाली. शेंगा धुऊन घेतल्या असतील तर आधी पुसून कोरड्या करा.

---

ठाणे

अळिवाच्या लाडवांचं कोणी लिहिलं नाही. ते इतरांसारखे महिनाभर टिकत नाहीत का?

---

कोल्हापूर

नाही, ओला नारळ असतो त्यात. अळीव अर्धी वाटी, शहाळ्याचं किंवा नारळाचं पाणी दीड वाटी, दोन तास भिजवा. अळीव सगळं पाणी पिऊन फुगतं. ४ वाट्या ओलं खोबरं, २ वाट्या किसलेला गूळ, मंद आचेवर मिश्रण कडा सोडेपर्यंत. कडा सुटायच्या आधी उतरवलं की लाडू पसरतात. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्याहून जास्त ठेवू नका.