केस गळत नाहीत, पण गुंततात
‘पूडल-मिक्सचे (पूडल आणि दुसऱ्या जातीच्या संकरातल्या कुत्र्याचे) केस गळत नाहीत, म्हणून फ्लॅटला सोयीचा’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. पहिल्या पिढीच्या लॅब्राडूडलमध्ये (थेट लॅब्राडॉर आणि पूडलच्या पिल्लांमध्ये) एकाच वेतातली काही पिल्लं चांगलेच केस गाळतात. जी गाळत नाहीत, त्यांचे सुटलेले केस अंगावरच अडकून गाठी होतात. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली सगळ्यात आधी. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केसांचा एकेक थर उचलून मुळापासून स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) फिरवा, मग स्टीलचा कंगवा. तो अडला की गाठ आहेच. ती अंघोळीआधीच सोडवा, भिजली की आवळते.

मुंबईच्या पावसाळ्यात फिरवून आणल्यावर पंजे आणि लोंबते कान पूर्ण कोरडे कराच, दमट कानात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतं. स्वभाव लाघवी, पण डोकं तल्लख, एकटं राहिलं की कंटाळतं. दिवसभर घरात कुणीच नसेल तर कृपया घेऊ नका.