आजीची गाणी: फोकसराइट कंट्रोलवरच भागेल का, की रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लागेलच?

अमळनेरची_नात
नमस्कार. माझी आजी 82 वर्षांची आहे. आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळं अहिराणीत आणि तोंडपाठ. घरात दुसऱ्या कुणालाच ती पूर्ण येत नाहीत, म्हणून यंदा रेकॉर्डिंग करायचं मनावर घेतलं. वापरलेलं फोकसराइटचं स्कारलेट 18आय8 (तिसरी पिढी) मिळालं, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा. दोन माइक आहेत: एक आजीला, एक मागून झील धरणाऱ्या आत्याला.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून हेडफोनला आवाज दिला की तो जरासा उशिरा पोहोचतो. आजी दुसऱ्या ओळीलाच थांबते, हेडफोन काढून मांडीवर ठेवते. "मना आवाज मांगेतून येस," म्हणते. बफर (लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग पुढे पाठवतो तो साठा) कमी केला तर जुना लॅपटॉप तडतड करतो, आणि या वैशाखात तो नुसता ठेवला तरी तापतो. डब्याच्या सेटिंगसाठी जे फोकसराइट कंट्रोल सॉफ्टवेअर आहे, त्यात मिक्सर दिसतोय. तेवढ्यावर काम होईल?

धुळे_साउंड
ऐकण्यापुरतं नक्की होईल, ताई. तो मिक्सर लॅपटॉपवर नाही, डब्याच्या आत चालतो, म्हणून उशीर जाणवत नाही. हेडफोनचं आउटपुट निवडा, 'कस्टम मिक्स' करा, अ‍ॅनालॉग 1 आणि 2 चे, म्हणजे दोन माइकचे, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर घ्या. प्लेबॅक 1-2, म्हणजे लॅपटॉपकडून येणारा आवाज, पूर्ण खाली, नाहीतर सॉफ्टवेअरमधला उशिराचा आवाजही मिसळेल आणि आजी पुन्हा थांबतील. हेडफोनचे दोन सॉकेट आहेत; आत्यांना वेगळा मिक्स द्या.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते, मात्र डब्यावरच्या नॉबनेच. नॉबभोवतीची रिंग लाल झाली की आवाज फाटला, मग फेडर कितीही खाली ओढा, तो सुधरत नाही. म्हाताऱ्या माणसांचा आवाज गाणं रंगलं की एकदम चढतो, तेवढी जागा आधीच सोडा.

भुसावळकर
पण फाइल कोण बनवणार? फोकसराइट कंट्रोल आवाज फक्त इकडून तिकडे पोहोचवतं, साठवत नाही. लॅपटॉप नकोच असेल तर लाईन आउट 3-4 मधून हातातल्या रेकॉर्डरच्या लाईन-इनला वायर द्या. मोबाइलच्या माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटेल. 18आय8 ला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे आणि शेवटचं सेटिंग डब्यात राहतं, त्यामुळे एकदा जुळवलं की लॅपटॉप काढून टाकता येतो.

3-4 च्या मिक्समध्ये आजींना पूर्ण डावीकडे, आत्यांना पूर्ण उजवीकडे पॅन करा (सरकवा). पुढे दोन्ही आवाज वेगळे काढता येतील. एकत्र मिसळले की मिसळलेच.

अमळनेरची_नात
दादा, दोघांचे खूप आभार. शेजारच्या भजनी मंडळाचा रेकॉर्डर आणला आणि लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. आज आजीने गौराईचं गाणं अख्खं म्हटलं, एकदाही न थांबता. उजव्या बाजूला आत्याच्या बांगड्या वाजतात, डाव्या बाजूला अगदी थोड्या. मी त्या काढायला लावणार होते, पण आजी म्हणाली राहू दे. उद्या ओव्या घेतोय, जातं ओसरीवर आणून ठेवलंय. त्याच्या घरघरीसाठी तिसरा माइक लावू का?

धुळे_साउंड
लावा. जात्याजवळ, खाली, आजींच्या तोंडापासून लांब. लॅपटॉप तेवढ्यापुरता परत जोडून 3-4 मध्ये तो मधोमध आणि अगदी हलका ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच पडेल.