मदत हवी आहे : मुलीला फिशरीजला जायचंय
नमस्कार मंडळी, आम्ही हर्णैचे, होडीवर काम, मी स्वतः नववीपर्यंतच शिकलोय. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, तिला रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य कॉलेजात जायचंय, ४ वर्षांची डिग्री, आपल्या दापोली कृषी विद्यापीठाचीच. सीईटी द्यायची एवढं कळलं पण पुढे ते कॅप राऊंड नि ऑप्शन फॉर्म काय असतं कोणी जाणकार सांगेल का? डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवू का, कारण शेजारच्या पोराचं एका दाखल्यापायी अडलं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा धावपळीला वेळ असतो पण खिशात पैसे नसतात हो! अभ्यासातलं मला काय कळत नाय, रात्री चहा करून देतो फक्त, अजून काय करू?