झापोरोझियन कोसॅकची केशभूषा: शेंडीचा विग चालेल का?

रंगपेटी: एकांकिकेचा काळ १७वं शतक, युक्रेन. पात्रं दोन: एक झापोरोझियन कोसॅक (तिथला लढवय्या), एक शेतकरी. आमच्याकडे ऐतिहासिक नाटकातला शेंडीचा विग पडून आहे. कोसॅकला तो चढवला तर चालेल?

वस्तरा: नाही चालणार. शेंडी मागे, भोवऱ्यापाशी असते. ओसेलेदेत्स, म्हणजे कोसॅकच्या मुंडण केलेल्या डोक्यावरची लांब बट, पुढे, टाळूवर. बटेचं बुड साधारण ५-६ सेंमी गोल ठेवा. त्याहून मोठं ठेवलंत तर मोहॉक दिसतो. बट कपाळावरून डावीकडे वळवून डाव्या कानामागे अडकवायची, म्हणजे किमान २० सेंमी तरी हवी. केस महिन्याला सेंमीभरच वाढतात, तेव्हा बारीक केसांच्या नटाकडून दीड वर्ष थांबायची तयारी हवी.

खरंच कापणार असाल तर आधी बट रबरबँडने बांधा, मग बिनगार्डच्या मशीनने बाकीचं उतरवा, शेवटी वस्तरा. हा क्रम उलटला की बुडाचा गोल वेडावाकडा होतो. दाढी नको, मिशा मात्र लांब, खाली झुकलेल्या.

जुनी_बखर: शेतकऱ्याला मुळीच बट देऊ नका. ती झापोरोझियन सैनिकाची खूण. शेतकऱ्याला वाडगा कट: सगळीकडून एका रेषेत, कानाचा वरचा भाग झाकलेला. तिकडे त्याला 'पिद माकीत्रु' म्हणतात. माकीत्रा म्हणजे खसखस घोटायचं मातीचं भांडं. हा फरक गेला तर दोघांतलं सामाजिक अंतरच दिसणार नाही.

आणि चित्रकार रेपिनच्या झापोरोझियन कोसॅकांच्या प्रसिद्ध चित्राची हुबेहूब नक्कल टाळा. ते १८९१ मध्ये पुरं झालं, झापोरोझियन सिच, म्हणजे कोसॅकांचा तळ, १७७५ मध्येच मोडली होती.

रंगपेटी: ही बट दहाव्या शतकातल्या कीव्हचा राजा स्व्यातोस्लाव याच्यापासून आली असं वाचलं. नांदीत घेऊ?

जुनी_बखर: लिओ द डीकन या बायझंटाइन इतिहासकाराने ९७१ मध्ये बायझंटाइन सम्राटाला भेटलेल्या स्व्यातोस्लावचं वर्णन केलंय: मुंडण केलेलं डोकं, एका बाजूला बट, ती कुलीनतेची खूण, एका कानात दोन मोती आणि लाल खडा. साम्य आहे, पण मध्ये पाच-सहाशे वर्षं जातात. 'वारसा मानला जातो' इतपतच लिहा.

वस्तरा: मुंडण नको असेल तर बाल्ड कॅप (टक्कल दाखवणारी टोपी). बटेच्या जागी छोटं भोक पाडून नटाचेच केस बाहेर काढा आणि भोकाची कड स्पिरिट गमने (रंगभूषेच्या डिंकाने) बसवा. कड दिसू नये म्हणून ती विरघळवतात, पण लेटेक्सची कड अॅसिटोनने विरघळत नाही, ती मुळातच पातळ लागते. प्लॅस्टिकची कॅप घेतलीत तर विरघळवता येते. घाम आला की कॅप कपाळाकडून सुटते, मध्यंतरात तिथेच पुन्हा गम लावा.