पिवळे ठोकळे : आरव्हीने कॅन्यन पाहायला गेलेल्यांनो, अनुभव लिहा

काल गॅरेज आवरताना कपाटामागे पिवळे प्लॅस्टिकचे ठोकळे सापडले. आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येतं ती घरासारखी गाडी, सपाट उभी राहावी म्हणून चाकाखाली घालतात ते. एकावर बाबांनी स्केचपेनने लिहून ठेवलंय, 'डावे पुढचे'. हातातला झाडू टाकून तिथेच बसले.

मे २०१८. आई-बाबा भारतातून आले होते, आम्ही दोघं आणि दोन मुलं. व्हेगासहून आरव्ही भाड्याने घेतली. तीन रात्री झायन, एक ब्राइस (दोन्ही युटातली राष्ट्रीय उद्यानं), दोन ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. झायनला वॉचमन कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, ते पहाटे उठून मिळवलं होतं. तिथे जागेवर वीज मिळते, पण नळ जोडता येत नाही आणि सांडपाण्याची नळीही नाही. टाकी भरून आणायची, संपलं की सगळा संसार आवरून गाडी भरायला न्यायची. आमची टाकी दीडशे लिटरची, माणसं सहा.

मी पाहायच्या जागांची मोठी यादी केली होती. पाण्याचा हिशोब बाबांनी केला. त्यांचं लहानपण माण तालुक्यात गेलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, ताटं आधी कागदाने पुसायची आणि मग विसळायची. अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, मग नळ. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात ठेवायचं, त्यात चमचे-वाट्या. धाकटा कुरकुरला तेव्हा त्याला जवळ घेऊन सांगत बसले, विहिरीच्या तळाशी उतरून झऱ्याचं पाणी वाटीने कसं भरायचे, एक कळशी भरायला किती वेळ जायचा. हे मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं, चाळिसाव्या वर्षी, युटामध्ये.

तिसऱ्या सकाळी टाकी तिसरा हिस्सा भरलेली होती.

बाबा आता नाहीत. मुलगा म्हणतोय ऑक्टोबरमध्ये परत जाऊ. तुमचे अनुभव लिहा. गाडी, पाणी, स्वयंपाक, आईवडिलांना घेऊन जाणं, काहीही.

तिखटमीठ
'डावे पुढचे' वाचून गलबलून आलं गं. नंतर नीट लिहिते, कुकर लावलाय.

घाटवाट
झायनहून ब्राइसला जायचं असेल तर आधी बोगद्याचं बघा. १९३० साली झालेला आहे तो, तेव्हा कुठल्या आल्या एवढ्या गाड्या. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही, आणि आरव्ही बहुतेक सगळ्या त्यात येतात. आम्ही २०१९ ला १५ डॉलर भरले, रेंजरने समोरची वाहतूक थांबवली आणि आम्ही मधोमध गेलो. जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना तो रस्ताच बंद. म्हणजे मागे फिरून आय-१५ महामार्गाने वळसा. फोनवरचा नकाशा कार समजून बोगद्यातूनच पाठवेल, त्याच्यावर विसंबू नका.

कॅन्यनच्या आत मात्र गाडीची चिंता नाही. हंगामात खाजगी गाड्या आत सोडतच नाहीत, शटल आहे. वॉचमनहून चालत जाऊन बसायचं.

मोरपीस_७
फोडणीचं कुणी लिहिणार की नाही! आरव्हीत मोहरी तडतडली की धुराचा भोंगा वाजतो. रात्री नऊ वाजता आजूबाजूचे चारजण टॉर्च घेऊन आमच्या दारात, काय झालं काय झालं. बिचारे काळजीने आले होते, मग त्यांना पोहे दिले. तेव्हापासून घरूनच हिंग-मोहरी-हळद-मिरचीची फोडणी बरणीत भरून नेते. वरून घालायची नुसती. आणि भाजणी न्याच.

रानमेवा
+१ बरणीतल्या फोडणीला.
भाजणी घरी करता का विकतची?

मोरपीस_७
घरी. सासूबाईंच्या प्रमाणाने. ज्वारी बाजरी थोडी जास्त घालते, खमंग होतं. धने सढळ हाताने.

आभाळवेडा
आईवडिलांना घेऊन गेलात तर दक्षिण काठावर 'ट्रेल ऑफ टाइम' चुकवू नका. सपाट, पक्का रस्ता आहे, कडेला बाक आहेत. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. त्या-त्या काळाचा खडक दरीतून आणून कडेला ठेवलाय, हात लावून बघता येतो. आजपासून निघालात की साधारण पावणेदोन किलोमीटरवर विष्णू शिस्ट येतो. हो, विष्णू. पावणेदोनशे कोटी वर्षांचा काळा, चमकदार दगड. ब्रह्मा शिस्ट आणि राम शिस्टही आहेत. समोरच्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल ही नावं १८८० च्या आसपास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने दिली. त्याला ते कडे देवळांसारखे दिसले.

माझी आई तेव्हा ७४ वर्षांची. गुडघे दुखत असताना शून्यापासून विष्णूपर्यंत चालली. दगडावर तळहात ठेवून उभी राहिली बराच वेळ. ऊन लागलेला दगड, कोमट. मला म्हणाली, "अरे, याला तर आंघोळ घालावीशी वाटते."

रात्री बाहेर खुर्च्या टाकून बसा. आकाशगंगा दिसते, नुसत्या डोळ्यांनी. लाल उजेडाची टॉर्च न्या.

घाटवाट
वा! आम्ही तिथून शटलने गेलो, चाललोच नाही. हळहळ वाटतेय.

रानमेवा
घड्याळ!! ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं. मधला नवाहो लोकांचा प्रदेश ॲरिझोनात असूनही करतो. ग्रँड कॅन्यनहून ब्राइसकडे जाताना फोनमधली वेळ मागेपुढे होत राहिली. दोनची घोडेस्वारी, आम्ही दोनला पोचलो असं समजून तीनला. मुलगी रडून रडून झोपली. तिला घोडा बघायचा होता फक्त.

तिखटमीठ
अरे देवा, पोर ती. नंतर बसली का घोड्यावर?

रानमेवा
पुढच्या वर्षी, महाबळेश्वरला, वेण्णा लेकवर :)

देवराई
मी गमतीचं नाही लिहीत, माफ करा. ऑगस्ट २०१६, झायनच्या नॅरोज नावाच्या अरुंद घळीत नदीतून चालत होतो. वर आकाश निळंशार. तिकडे मधल्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळा असतो, त्यालाही ते मान्सूनच म्हणतात. सकाळी उद्यानाच्या माहिती केंद्रावर पुराची शक्यता लिहिलेली असते, ती आम्ही ओझरती वाचली होती.

नवरा कुडाळचा, व्हाळाकाठी वाढलेला. चालता चालता थांबला. पाणी गुडघ्याशी होतं, तेवढंच होतं, पण रंग चहासारखा व्हायला लागला होता आणि बारीक काटक्या वाहत येत होत्या. "वर पडलाय पाऊस. चल." मी म्हटलं अजून थोडं पुढे जाऊ. त्याने माझं मनगट धरलं आणि वळवलं. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, चढायला जागा नाही. बाहेर आल्यावर अर्ध्या तासात नदी तपकिरी झाली, ओंडके वाहत होते.

पाऊस मैलोन् मैल लांब पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत येतं. ऑक्टोबर बरा, तरी रोज सकाळी बोर्ड नीट वाचा.

मोरपीस_७
अंगावर काटा आला. सांभाळून आलात, बरं झालं.

आभाळवेडा
आईवडील भारतातून येणार असतील तर एक. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झालाय, इथे राहणाऱ्यांना ८०. आधी नियम वाचून ठेवा, दारावर आईबाबांसमोर पैशांची चर्चा नको.

तिखटमीठ
आले परत. आम्ही युटातल्याच कॅपिटल रीफ उद्यानात थांबलो होतो, फ्रूटा नावाची जागा. चहूबाजूंनी लाल कडे आणि मधे जुन्या वस्तीच्या फळबागा. पिकलेली फळं बागेत बसून खाल्ली तर फुकट, घरी न्यायची तर पैसे. सासऱ्यांनी जर्दाळू तोडून आधी माझ्या हातावर ठेवला. ते कधी असं करत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये सफरचंदं मिळतील का बघ. आणि आई येणार आहे का तुझी?

(धागाकर्ती)
येणार आहे. आत्ता फोनवर सगळं वाचून दाखवलं. विष्णूला आंघोळ ऐकून हसली, मग गप्प झाली.

म्हणाली, त्यांनी चारही चाकांचे लिहिले होते, तुला एकच कसा सापडला? नीट बघ.

परत गॅरेजमध्ये निघालेय.