चार वर्षांच्या मुलीच्या वेण्या न रडवता कशा घालायच्या?

शेवंती
शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी लागतात. केस खांद्याखाली, बारीक, थोडे कुरळे. मानेपाशी रोज गुंता होतो आणि फणी लावली की मुलगी रडते. सकाळी हाताशी 10 मिनिटं असतात. गुंता कसा काढावा? वेणी किती घट्ट हवी?

जुईकळी
आधी फणी बाजूला ठेवा. तिचे बारीक दात उवा-लिखांसाठी असतात, त्यात अडकलेला केस सुटत नाही, तुटतो. जाड, विरळ दातांचा कंगवा घ्या. खोबरेल तेलाचे 3-4 थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना आणि गुंत्याला लावा.

विंचरायचं टोकाकडून. शेवटचे चार बोटं केस मोकळे झाले की आणखी चार बोटं वर जा. दुसऱ्या हाताने गुंत्याच्या वरचे केस मुठीत पक्के धरा. मग कंगव्याचा ओढा मुठीला बसतो, मुळांना नाही. पोरं रडतात ती बहुतेक ही मूठ नसते म्हणून! मुळापासून खाली ओढलं तर वरचे लहान गुंते सरकत खाली येतात आणि त्यांची एकच गाठ बसते. तशी गाठ बसलीच तर कंगवा नको, बोटांनी कडेकडेने उकला.

मोगरा२२
घट्टपणाबद्दल: वेणी घातल्यावर भुवया वर ताणल्या गेल्या किंवा भांगाच्या कडेची कातडी उचललेली दिसली, तर सोडून परत घाला. रोज त्याच जागी ताण बसला की कानशिलापाशी बारीक पुटकुळ्या येतात, केस विरळ होतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. त्यामुळे भांग रोज अर्धं बोट इकडेतिकडे सरकवा.

वेणी कानामागे, खालच्या बाजूला सुरू करा. पहिले दोन पेड सैल ठेवा, पुढचे नेहमीसारखे. शाळेला नीटनेटकेपणा हवा असतो, तो खालच्या पेडांनी येतो. रिबीन शेवटच्या 3-4 पेडांत गुंफून गाठ मारली तर रबर लागतच नाही. वाण्याच्या पुडीचं रबर तर कधीच लावू नका, ते केसाला चिकटून बसतं. लावलं गेलंच असेल तर ओढू नका, कात्रीने रबर कापा.

रानजाई
कुरळ्या केसांसाठी एक भर. ते कोरडे विंचरले की फुगतात आणि जास्त गुंततात. न्हाताना कंडिशनर लावलेलं असतानाच विंचरून घ्या. सरळ केसांचं उलट, ओले असताना ते ताणून तुटतात, म्हणून जरा सुकू द्यावेत. न्हाल्यावर पंचाने खसाखसा पुसू नका, दाबून टिपा.

मानेपाशी गुंता होतो तो उशीवर घासून. झोपताना एक सैल वेणी घाला, सकाळचं निम्मं काम वाचेल. विंचरताना तिला पाटावर तुमच्या गुडघ्यांना पाठ टेकून बसवा, मान स्थिर राहते. रिबिनी तिच्याच हातात द्या.

शेवंती
सगळ्यांचे आभार, मुठीचं माहीतच नव्हतं. पण उवा झाल्या तर फणी लावावीच लागेल ना?

जुईकळी
हो, पण शेवटी. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावा, जाड कंगव्याने गुंता पूर्ण काढा, मगच पातळ बटा घेऊन फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा. दर खेपेला फणी पांढऱ्या कापडावर पुसा, उवा लगेच दिसतात. दर चार दिवसांनी, असं चार वेळा करा, कारण लिखांतून नंतर निघणाऱ्या उवा पहिल्या खेपेला सापडत नाहीत.