सेंटओएस ७ वरून हलायचे आहे: अल्मालिनक्स ९ घ्यावे की डेबियन १३?

नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका जुन्या मराठी ग्रंथालयाचे संकेतस्थळ मी गेली नऊ वर्षे हौसेने सांभाळतो. ग्रंथसूची आणि स्कॅन केलेली पुस्तके भाड्याने घेतलेल्या एका डेडिकेटेड सर्व्हरवर आहेत. मेमरी १६ जीबी, आरएआयडी १ मध्ये (एकीची नक्कल दुसरीवर राहील अशा) जोडलेल्या १ टीबीच्या दोन डिस्क आणि आयव्ही ब्रिज पिढीचा झिऑन प्रोसेसर, असे हे यंत्र आहे.

त्यावर अजूनही सेंटओएस ७ (लिनक्सची एक कार्यप्रणाली) आहे. त्याच्या अद्यतनांची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, हे मला ठाऊक होते. पण साइट चालते आहे तोवर हात लावू नये, या आळसापायी मी दिवस ढकलत राहिलो. परवा यम अपडेट (अद्यतने आणण्याची आज्ञा) दिले, तेव्हा मिररलिस्टचा (अद्यतने देणाऱ्या सर्व्हरांच्या यादीचा) पत्ताच सापडत नाही, असे उत्तर आले. आता टाळणे शक्य नाही. ग्रंथालयाने दुसरा सर्व्हर पंधरा दिवसांसाठी घेण्यास मान्यता दिली असल्यामुळे नवी प्रणाली शेजारी उभी करून मगच डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हर शोधून देणारी नोंद) वळवण्याचा विचार आहे.

अल्मालिनक्स ९ सेंटओएसच्याच वळणाचे, म्हणून आमच्या सवयीचे घर आहे आणि सुरक्षा अद्यतने २०३२ पर्यंत मिळतील. अल्मा १० चा नेहमीचा बिल्ड एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधला एक सूचनासंच) मागतो, जे आमच्या प्रोसेसरमध्ये नाही. म्हणून ९ च. डेबियन १३ ला एलटीएस (दीर्घकालीन आधार) धरून साधारण २०३० पर्यंतचा आधार आहे, मात्र त्याच्या एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत जागच्या जागी जाणे ही रुळलेली वाट आहे. थोडक्यात, दर दोन-तीन वर्षांनी थोडी डागडुजी करावी की सहा-सात वर्षांनी पुन्हा सगळा संसार हलवावा, असा हा पेच आहे. माझ्यानंतर हे काम जो भाचा पाहणार आहे, त्याचा हात उबुंटूवर बसलेला आहे, म्हणून मन डेबियनकडे झुकते.

मोठी अडचण मात्र प्रणालीची नाही, तिच्यावरच्या जुन्या सामानाची आहे. संकेतस्थळ पीएचपी ५.४ वर लिहिलेले असून त्यातली मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शने पीएचपी ७ पासून काढून टाकलेली आहेत. शिवाय डेटाबेसमधले तक्ते लॅटिन१ (रोमन अक्षरांची जुनी संकेतपद्धती) म्हणून नोंदलेले, पण आतला मजकूर यूटीएफ-८ (मराठीही सामावणारी संकेतपद्धती) आहे. चाचणी म्हणून डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत) नव्या मारियाडीबी डेटाबेसमध्ये भरला, तर ‘ग्रंथसूची’ऐवजी डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसली.

जाणकारांना दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. डंप काढताना कॅरेक्टर सेट लॅटिन१ च ठेवून, फाइलमधल्या कॅरेक्टर सेटच्या नोंदी यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधले पूर्ण यूटीएफ-८) अशा बदलून मग भरल्यास सगळे मराठी शाबूत राहते का, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले आहे का? आणि स्कॅन अपलोड होईनात म्हणून मी एसईलिनक्स (कोणता प्रोग्राम कोणत्या फायलींना हात लावू शकतो, यावर लेबलांच्या आधारे बंधने घालणारी सुरक्षा व्यवस्था) बंद ठेवले होते (चूक कबूल आहे); अल्मावर ते चालू ठेवून अपलोडच्या फोल्डरला नेमके कोणते लेबल द्यावे?